जाहिरातीतलं कपाळ

मी आयुष्यभर लोकांचे चेहरे उजळवत आले. आधी लग्नपत्रिका केल्या, मग वाढदिवसांचे फ्लेक्स. ज्याचा वाढदिवस त्याला भरपूर उजळवायचं, मागे हात जोडून उभ्या असलेल्या मित्रमंडळाला जरा कमी, एवढं शास्त्र मला पक्कं ठाऊक होतं. पुढे शुभेच्छा मोबाइलवर गेल्या आणि पोटापाण्यासाठी मीही त्यांच्या मागोमाग गेले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीकडून एआय शिकले. शिकले म्हणजे काय, आपल्याला हवं ते मराठीत सांगायचं, ते चित्र काढून देतं. मनासारखं झालं नाही तर पुन्हा सांगायचं, तिसऱ्यांदा सांगायचं. पंचवीस वर्षं नवऱ्याशी हेच केलेलं असल्यामुळे मला ते मुळीच अवघड गेलं नाही.

आमच्या भागातल्या जिमची जाहिरात माझ्याकडे आली ती मी तिथे जात होते म्हणून. जिमचे मालक मूळचे करकंबचे, एके काळचे पैलवान. गुडघा दुखावला, कुस्ती सुटली, मग सोलापुरात येऊन त्यांनी जिम काढली. दुपारी दोन ते चार बायकांची बॅच होती. बॅच कसली, आम्ही सहाजणी. त्यातही नळाला पाणी यायच्या दिवशी कुणी फिरकायचं नाही. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते सोडून व्यायामाला कोण जाणार?

एकदा मालकांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, संक्रांतीपर्यंत बघतो. बाया वाढल्या तर बरं, न्हायतर दुपारची वेळ पोरांना द्यावी लागंल. पोरं तर लई मागं लागल्यात." ते हे इतक्या संकोचाने सांगत होते की मलाच त्यांची दया आली. मी छाती ठोकून सांगितलं, "मी वाढवते बाया."

ही बॅच बंद पडून माझं काही बिघडणार नव्हतं. मी घरी गच्चीवर चालले असते. बिघडणार होतं अक्कांचं.

अक्का आमच्यात सगळ्यांत मोठ्या, साठीला टेकलेल्या. माहेर वळसंगचं, घरात कन्नड, बाहेर मराठी. कडक भाकरी करून विकायच्या. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून गुडघे असे आखडले होते की उठताना भिंत धरावी लागायची. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतर त्या घराबाहेर पडायच्या त्या फक्त भाकऱ्या पोचवायला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून जिममध्ये आल्या, आणि वर्षभरात पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला गच्च बांधून चाळीस किलोचा बार जमिनीवरून उचलायला लागल्या. बार खाली ठेवला की त्या कन्नडमध्ये त्याला काहीतरी सुनवायच्या. काय ते मी कधी विचारलं नाही, सुरावरून कळायचं. "ह्ये दोन तास माजं हायत," असं त्या म्हणायच्या. "बाकीचं समद्यांचं."

तर मी कामाला लागले. पहिल्या जाहिरातीत एआयने जी बाई काढली ती आमच्या सात रस्ता चौकात उभी राहिली असती तर वाहतूक थांबली असती. पोटावर स्नायूंच्या घड्या, उघडे दंड, मागे काचेची भिंत आणि काचेपलीकडे समुद्र. सोलापुरात समुद्र! खाली मजकूर होता, "तुमच्यातील अग्नी जागवा." जानेवारीतही दुपारी घाम काढणाऱ्या गावात अग्नी जागवायला कोण येईल? तरी मी ती टाकली. लाइक भरपूर आले, फोनही आले. सगळे पुरुषांचे. एकाने तर सरळ विचारलं, दुपारच्या बॅचला आम्ही आलो तर चालेल का. मालकांनी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा मला सुचलं की खरी बाई दाखवावी. आणि संक्रांत तोंडावर आहे, तर जिममध्येच हळदीकुंकू ठेवावं. बायका जिमला लाजतील, हळदीकुंकवाला लाजणार नाहीत. वाण म्हणून आठवडाभराचा मोफत पास द्यायचा. एकदा आत आल्या, आरसा पाहिला, बार हातात धरला की निम्म्या तरी राहतील. ही कल्पना मला स्वतःलाच इतकी आवडली की मी दिवसभर तरंगत होते.

फोटोसाठी अक्कांना विचारलं. त्यांनी आधी नाहीच म्हटलं. मग थोडा वेळ बार पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "काड. पन मी हाय तशीच दिसली पायजे बग. ती समुद्रावरची नगं."

"तशाच दिसाल, अक्का," मी म्हटलं.

फोटो काढला. ट्यूबलाइटचा मिचमिचा उजेड, मागे पोपडे आलेली भिंत, एका मशीनवर कुणाचा तरी टॉवेल. पण अक्का बार उचलून ताठ उभ्या, ओठ घट्ट, नजर समोर. मी एआयला सांगितलं, उजेड वाढव, भिंत स्वच्छ कर, टॉवेल काढ, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं प्रसन्न वातावरण दे, बाईचा चेहरा बदलू नकोस. खाली आमंत्रणाचा मजकूरही त्यालाच लिहायला लावला.

चित्र आलं. आकाशात पतंग होते, ते मी काढायला लावले. आमची संक्रांत गड्ड्याची, म्हणजे ग्रामदैवताच्या जत्रेची, पतंग बघून लोकांना ते दुसऱ्याच गावचं वाटलं असतं. मग बोटं मोजली. एआय कधी कधी सहा बोटं काढतं, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. दोन्ही हातांची बोटं बरोबर होती. चेहरा अक्कांचाच होता. मालकांना दाखवलं, ते म्हणाले, "लई भारी." मी टाकून दिलं आणि तीळ भाजायला गेले.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या नाहीत. पाण्याचा दिवस असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. तिसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. चौकशीचे फोन मात्र यायला लागले होते, या वेळी बायकांचे, आणि मी हवेत होते. त्या दिवशी बॅचमधली एकजण, अक्कांच्याच गल्लीत राहणारी, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, अक्कांचं कपाळ बघितलंत का तुमी?"

मी मोबाइल काढला. अक्कांच्या कपाळावर लालभडक, गोल, ठसठशीत कुंकू होतं. गळ्यात बारीकसं मंगळसूत्रही. मग मूळ फोटो काढून पाहिला. तिथे भस्माचा आडवा पट्टा होता. अक्का रोज आंघोळीनंतर तीन बोटांनी लावायच्या तो, घामाने थोडा फिस्कटलेला. आमच्या घरी भस्म लावत नाहीत. वर्षभर रोज समोर बघूनही तो पट्टा मी कधी नीट पाहिला नव्हता. एआयला तो डाग वाटला असणार, भिंतीच्या पोपड्यांसारखा. त्याने तो पुसला आणि हळदीकुंकवाला शोभेल असं कपाळ करून दिलं.

जाहिरात तिथल्या तिथे काढली, पण ती तोवर गावभर फिरली होती. मी मालकांना गाठलं. त्यांनी चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं. "मी बी बगितलं की हो ह्ये," ते म्हणाले. "ध्यानातच आलं न्हाय." मग दोघेही अक्कांच्या घरी गेलो.

अक्का पाटावर बसून भाकऱ्यांची चवड कापडात बांधत होत्या. सून पाणी देऊन आत निघून गेली. मालक दारातच हात जोडून उभे राहिले, एवढा मोठा माणूस, शाळेतल्या पोरासारखा. मी बोलायला सुरुवात केली. मुद्दाम केलं नाही, ते यंत्र आपोआप करतं, त्याला आपल्यातलं काही कळत नाही, वगैरे.

"आपोआप कसं?" अक्का म्हणाल्या. "तू बगितलं न्हाईस, म्हन की."

मी मोबाइल पर्समध्ये ठेवला.

"नणंदेनं फोटू घरातल्या समद्यांना धाडला. वर लिवलं, वैनीचं आता नटायचं तेवडं ऱ्हायलं हुतं. पोरगं दोन दिस माज्याशी बोलत न्हाय." त्यांनी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "कुंकवाचं मला एवडं न्हाय गं. चाळीस वर्सं लावलंच की. पन भस्म का पुसलंस? कुंकू त्येंच्यासंगं गेलं. भस्म माजं हाय. ते कुनाच्या जान्यानं जात न्हाय."

मालकांनी मान खाली घातली.

"आन खाली काय लिवलंस, वाच."

मजकूर मला पाठ होता. तरी त्यांनी वाचायला लावला. मी वाचलं, "सर्व सुवासिनींना सस्नेह निमंत्रण."

"वर माजा फोटू," अक्का म्हणाल्या, "आन खाली मी सोडून समद्यांना बोलवनं."

हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. यंत्राने लिहिलं हे खरं, पण वाचून 'छान' मीच म्हटलं होतं. मी स्वतः लिहायला बसले असते तरी तेच लिहिलं असतं, कारण आईच्या काळापासून हळदीकुंकवाचं आमंत्रण असंच असतं. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. रडून मोकळं व्हायचा हक्क तिथे माझा नव्हता.

"माझं चुकलं अक्का," एवढंच म्हणाले. "आता काय करू ते सांगा."

"मला कुंकू नगं," त्या म्हणाल्या. "बोलवायचं तर नीट बोलव."

त्या रात्री दुसरी जाहिरात केली. मूळ फोटो जसाच्या तसा घेतला. मिचमिचा उजेड, पोपडे, टॉवेल, सगळं राहू दिलं. चित्र उजळवू का, म्हणून ते ॲप दोनदा विचारत होतं, मी दोनदा नको म्हटलं. मजकूर हाताने लिहिला. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, भागातल्या सगळ्या बायकांनी यावं. लग्न झालेल्या, न झालेल्या, नवरा असलेल्या, नसलेल्या, सगळ्यांनी. टाकण्याआधी अक्कांना पाठवला. उत्तरात त्यांचा फक्त अंगठा आला. दुसऱ्या दिवशी जिममध्ये तो दाखवला तेव्हा मालक मला म्हणाले, "आता बाया आल्या न्हाईत तरी चालतंय."

पण आल्या. वजनांच्या रॅकवर चादर टाकली होती, बेंचवर तिळगुळाचं ताट. पंचवीसेक बायका होत्या, चपला दाराबाहेर काढून मॅटवर दाटीवाटीने बसलेल्या. मालक आम्हाला जिमची किल्ली देऊन स्वतः बाहेर टपरीवर जाऊन बसले होते. अक्काही आल्या. कपाळावर ताजं भस्म, अंगावर तोच व्यायामाचा ड्रेस, कारण दोन वाजले होते आणि ती त्यांची वेळ होती.

हळदीकुंकू लावायचं काम माझ्याकडे होतं. एकेकीला लावत मी अक्कांपुढे आले आणि माझा हात थांबला. सगळ्यांना बोलवा असं मीच लिहिलं होतं, तेव्हा हात अडला नव्हता. आता करंगळीशेजारचं बोट कुंकवात होतं आणि ते वर उचलेना. लावलं तर त्यांना नकोय, न लावता पुढे गेले तर इतक्या बायकांसमोर पुन्हा तेच. आरशात सगळ्याजणी माझ्याकडे बघताना दिसत होत्या.

अक्कांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. गुडघ्याला हात न लावता सरळ उठून उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतःचं बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्यासमोर धरलं.

माझ्या डोळ्यांपुढे माझा नवरा आला, स्कूटरवर, होटगी रस्त्याला ट्रकच्या मागे, हेल्मेट न घालता. मी शिकलेली आहे, मी असल्या गोष्टी मानत नाही असं मी लोकांना सांगत असते. तरी ते बोट माझ्या कपाळाकडे येताना मला भीती वाटली, खरीखुरी. आणि अक्का माझ्या चेहऱ्याकडेच बघत होत्या.

मी डोकं खाली वाकवलं. त्यांनी कुंकू लावलं, जरा जास्तच लावलं, थोडं नाकावर सांडलं.

"भ्यालीस?" त्यांनी मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"मग बी वाकलीस की," अक्का म्हणाल्या, आणि ताट घेऊन पुढच्या बाईकडे गेल्या.