मिरीएवढं भाडं

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्याबद्दल आधीच माफी मागते. पण आमच्या गॅरेजमधल्या भाडेकरूइतका अस्वस्थ प्राणी पेंडल हिल ह्या आमच्या अख्ख्या उपनगरात दुसरा झाला नाही, हे कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं.

तेव्हा आपल्याकडून इकडे परदेशात शिकायला येणाऱ्या मुलांची रीघ लागली होती. जो तो हिशेबाचा नाहीतर स्वयंपाकाचा कोर्स घ्यायचा. ह्या आमच्या भाडेकरूने कायदा घेतला, आणि त्यातही इंग्लंडातल्या जुन्या सरदारांचा आणि त्यांच्या कुळांचा त्याला नाद लागला. एका जागी बसणं माहीतच नाही. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचा, आणि चालता चालता वाचताना दोनदा तुळशीच्या कुंडीत पाय घातला. माझा मुलगा एकदा कौतुकाने कुंपण रंगवत होता, तर हा म्हणतो, "दादा, जमीन तुझी नाहीच. कायद्याने इथलीसुद्धा सगळी इंग्लंडच्या राणीची. तूपण कूळच." "मग घराचा हप्ता तिलाच भरायला सांग," मुलगा म्हणाला, आणि आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही.

हॉटेलातल्या शिफ्ट गेल्या आणि त्याचं भाडं थकलं. तेव्हा त्याने मला समजावलं, की त्या काळी कुळं पैशाऐवजी चाकरी द्यायची, कुणी वर्षाला एक गुलाब, कुणी नुसती एक मिरी. मग हा लॉन कापायचा आणि दर शनिवारी माझ्याच डब्यातली एक मिरी काढून माझ्या हातावर ठेवायचा. "आई, तुझं कूळ तू सांभाळ," म्हणून मुलाने हात टेकले.

फीची शेवटची तारीख जवळ आली तेव्हा मात्र त्या येरझाऱ्या मला बघवेनात. भाचीच्या लग्नाला जायच्या तिकिटासाठी साठवलेले पैसे मी मुलाला न सांगता त्याला दिले. हा स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसला आणि जोडलेले हात माझ्या कणकेच्या हातांत घातले. "काकू, आजपासून मी तुमचा माणूस. सरदारापुढे कुळाने असं बसायची जुनी रीत आहे."

"ऊठ मेल्या, पोळी करपतेय."

पुढे कामासाठी तो लांब गुंगालिन गावाला गेला आणि त्याचा फोन लागेना. आता येरझाऱ्या माझ्या सुरू झाल्या. "तिकीट काढायचं ना?" मुलगा विचारायचा, मी गुडघेदुखी पुढे करायची. खरं सांगायचं धाडस होईना. लग्नाला पंधरा दिवस उरले तेव्हा एका दुपारी तो दारात उभा. फोन विकून टाकला होता. पहिल्यांदाच खुर्चीवर शांत बसला आणि थकलेल्या भाड्यासकट नोटा मोजून दिल्या. "झालं काकू, आता मी कुणाचं कूळ नाही," हसत म्हणाला.

तो गेल्यावर मी पुन्हा मोजल्या. एखादी कमी निघाली असती तर बरं, असं उगीच वाटलं. पण पै न पै फिटली होती.