मी काढून घेतलेली शाल

"त्या वॉचमनची शाल काढून आण," आमचे मॅनेजर सर माझ्या कानाशी म्हणाले. "त्याचा फोटो झालाय."

सव्वीस जानेवारी. वळ गावातलं आमच्या कंपनीचं गोदाम. झेंडावंदन झालं होतं, सत्कार चालू होते. शाली तीनच मागवल्या होत्या. एक निवृत्त कर्नलसाहेबांना, एक मालकांच्या मित्राला, आणि एक 'आपल्या गेटवरच्या माजी सैनिकाला'. एवढ्यात एक पुढारी न सांगता आले. शाल कमी पडली. ताट माझ्या हातात होतं. सगळ्यांचा परिचय इंग्रजीत मीच लिहिला होता.

मी गेले. गेटवरचा माणूस खुर्च्यांच्या मागे सावधान उभा होता. गार्डच्या निळ्या शर्टावर मेडल, त्यावर शाल. मी शालीला हात घातला. मला सोपं जावं म्हणून त्याने मान खाली केली.

"घ्या, मॅडम," तो म्हणाला.

ते माझे वडील होते.

मी शाल झटकली. पुन्हा घडी घातली. ताटात ठेवून स्टेजवर नेली. पुढाऱ्यांना ती उबदार लागली असेल. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. मी आधी लागले, वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटरवर. सहा महिन्यांनी सिक्युरिटी एजन्सीने पप्पांना त्याच गेटवर पाठवलं. ते रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, "पप्पा, तिथे ओळख दाखवू नका ना. लोक उगाच बोलतात." त्यांनी 'का' विचारलं नाही. फौजेत 'का' विचारत नाहीत. धामणकर नाक्यावरून ते आधीच्या रिक्षाने जायचे, मी नंतरच्या. गेटवर ते मला सॅल्यूट ठोकायचे. "गुड मॉर्निंग, मॅडम." मी मान हलवायचे. कधी कधी तीही नाही.

ही लाज मला शाळेत मिळाली. आठवीत होते. पंधरा ऑगस्टला वर्गात फौजीचं भाषण ठेवलं होतं. पप्पा ब्लेझर घालून, मेडल लावून आले. एका मुलीने विचारलं, "Uncle, how many did you kill?" पप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. वर्ग खुसखुसायला लागला. टीचरनी सावरून घेण्यासाठी आडनाव विचारलं. पप्पांनी सांगितलं. "अच्छा," टीचर हसून म्हणाल्या, "मग भरती सोपी गेली असेल. कोट्यातून." वर्ग हसला. मी शेवटच्या बाकावर होते. मीही हसले. कोणी माझ्याकडे बघू नये म्हणून.

पप्पांनी मला हसताना पाहिलं. मी अजून तो वर्ग झोपेत बघते. त्यात आवाज नसतो. सगळ्यांची तोंडं उघडी, आणि माझं सगळ्यात मोठं.

सव्वीस जानेवारीच्या त्या दुपारी मी घरी आले. कार्यक्रमानंतर पप्पांनाही लवकर सोडलं होतं. सुट्टीमुळे गल्लीतले कापडाचे लूम बंद होते. आमच्याकडे पाहुणे आले की लूमच्या खडखडाटाने हैराण होतात. पप्पांना मात्र त्यातच झोप लागते. लूम बंद पडले की ते उठून बसतात. लहानपणापासून बघत आले होते. कधी विचारलं नव्हतं.

ते पलंगाच्या कडेला बसले होते. पाय जमिनीवर, बूट जवळ.

"पप्पा, झोपा ना थोडं."

"न्हाय लागत. लय शांत हाय."

"मग बरंच आहे की."

ते माझ्याकडे न बघता बोलले. "वरती बॉर्डरवर तोफा चालू असल्या की भ्या न्हाय वाटायचं. थांबल्या की वाटायचं. थांबल्या की मी नावं पुकारायचा. एकेक. जो ओ देईल तो हाय. एकदा अकरा नावं पुकारली. सात ओ आल्या. मी परत पयल्यापासून पुकारली. मला वाटलं, पोरांना ऐकाय आलं नसंल."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मग मी म्हटलं, "पप्पा, शालीचं..."

"राहू दे."

"तुम्ही दिलीत कशाला?"

"तू आलीस म्हणून दिली, बाय. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नसता."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. चार माणसांनी ओ दिली नाही, कारण ती मेली होती. मी रोज सकाळी पप्पांसमोरून जिवंत चालत जात होते, ओ न देता.

दुसऱ्या दिवशी एकाच रिक्षाने गेलो. गेटवर ते सवयीने सावधान झाले. मागे अकाउंट्सची दोन माणसं होती. मी मोठ्याने म्हटलं, "पप्पा, तुमचा डबा माझ्याच पिशवीत राहिला."

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. सुपरवायझर उत्तरेकडचा, मनाने मोकळा. म्हणाला, "अरे मॅडम, ये आपके पापा हैं? पहले बोलना था ना!"

वर बातमी माझ्याआधी पोचली. एकीने गोड आवाजात विचारलं, "म्हणजे तुमचं गाव कोणतं गं?" मी अंबाडीजवळचं गाव सांगितलं. "गावात कुठे?" मी वस्तीचं नाव सांगितलं. तिला हवं ते उत्तर मिळालं. दुपारी डबा खाताना तिची खुर्ची थोडी लांब होती. फार नाही. मोजून दाखवता येणार नाही, एवढीच.

ऑगस्टमध्ये सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"आधी सांगायचंस ना! या वेळी तुझ्या पप्पांचा दणक्यात सत्कार करू. मोठी शाल. फक्त दोन शब्द बोलायला लाव. लढाईचा एखादा किस्सा. किती उडवले वगैरे. पब्लिक पेटलं पाहिजे. इंट्रो तू लिही, तुझं इंग्लिश मस्त आहे." मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्यात बरेच जण फौजेत असतात, नाही? कोटा असतो ना?"

सरांसमोर मी कधीच मोठ्याने बोलत नाही. तेव्हाही हळूच बोलले.

"फौजेत भरतीला कोटा नसतो, सर. छाती मोजतात आणि पळायला लावतात. पप्पा बोलणार नाहीत. आणि मी लिहिणार नाही."

"अगं, मान देतोय ना आपण! एवढं काय झालं?"

"मान नको. गेटवर एक खुर्ची द्या. ते बारा तास उभे असतात. उजवा गुडघा वाकत नाही त्यांचा."

"गार्डने बसायचं नाही, हा एजन्सीचा नियम आहे."

"मग लेखी द्या, सर. एका सैनिकाला खुर्ची देता येत नाही, असं."

ते हसले. मी हसले नाही. पुरेसं हसून झालं होतं माझं.

त्या पंधरा ऑगस्टला कर्नलसाहेबांचा एकट्यांचा सत्कार झाला. पप्पा गेटवर होते. मी स्टेजकडे गेले नाही. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांच्या शेजारी उभी राहिले. बारा तासांतला एक तास. माझे पाय भरून आले.

खुर्ची अजून आलेली नाही. दर सोमवारी मी अर्ज देते आणि कॉपीवर पोच घेते. पप्पा म्हणतात, "नको लिवू बाय, दोघांनाबी काढतील." मी त्यांना विचारून लिहीत नाही. काढतीलही. मग अर्ज मालकांकडे जाईल, मग कामगार कार्यालयात. इंग्रजी पप्पांनी मला याच लोकांत मिसळता यावं म्हणून शिकवलं होतं. आता ते मी त्यांच्याविरुद्ध वापरणार. सरळ, व्याकरणशुद्ध, खाली माझ्या पूर्ण नावाने सही करून.