टीममध्ये आपली मुलगी नसताना

आमच्या घरात सॉफ्टबॉल आला तो मुलीमुळे. मुलगी शिकायला नाशिकला गेली, सॉफ्टबॉल मात्र घरातच राहिला.

डहाणूजवळ आमची चिकूची वाडी आहे. माझा नवरा कॉलेजात असताना हा खेळ खेळायचा. मुलगी पाचवीत गेली तेव्हा त्याने तिच्या हातात ग्लोव्ह दिला, आणि एकटीला खेळता येत नाही म्हणून आणखी मुली शोधल्या. तलासरीतल्या एका शाळेने मैदान दिलं, त्यामुळे बऱ्याचशा मुली तिकडच्याच आल्या. शिकवायचं काम त्याचं, बाकीचं माझं. बाकीचं म्हणजे चिकूच्या क्रेटमध्ये बॅटी आणि हेल्मेटं भरायची, रेषा मारायला फक्की आणायची, कुणाच्या बुटाचा तळ निघालाय ते बघायचं, पाणी, केळी, गाडी, पालकांची परवानगी. मी यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही, त्यामुळे हे काम मला मानवलं. धावत जाऊन गाठायचे बेस म्हणून आम्ही पेंढा भरलेल्या गोणी वापरायचो. एकदा दुसऱ्या बेसमधून उंदीर निघाला आणि धावणारी मुलगी बेसला पाय न लावताच परत फिरली. नवऱ्याने तिला आउट दिलं. मुलींनी उंदराला आउट द्यायची मागणी केली.

मुलगी बारावी होऊन गेली, तिच्या बरोबरीच्या दोघीही गेल्या. त्या दोघींचे आईवडील गाडी चालवायला, खाणं आणायला कायम असायचे. निरोपाच्या दिवशी त्यांतल्या एका बाबांनी माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

"सुटलो बुवा आपण! आता रविवारी दुपारपर्यंत झोपायचं."

आम्हालाही तसंच वाटलं होतं. पुढच्या रविवारी नवरा चहा घेऊन ओसरीवर बसला. चहा संपला तरी उठेना. मग म्हणाला, "त्या नव्या पिचरचा चेंडू टाकताना पाय चुकीचा पडतो गं."

"क्रेट गाडीत ठेवलेत," मी म्हटलं. "पाणी भरून झालंय. चल."

त्या वर्षी आमच्या मुली जिल्ह्यात जिंकल्या. आपली मुलगी खेळत असताना जिंकणं मला ठाऊक होतं. त्यात निम्मा जीव टांगणीला असतो. या वेळी मी पहिल्यांदा सगळ्या नऊजणींकडे सारख्या नजरेने बघितलं, आणि ऊर भरून आला. त्यांतली कुणीच माझी नव्हती आणि प्रत्येकीच्या बुटाचा नंबर मला पाठ होता.

आता विभागीय स्पर्धेला जायचं होतं, दोन रात्रींचा मुक्काम. सगळ्यांच्या घरून होकार आले. फक्त आमच्या कॅचरच्या घरून आला नाही.

कॅचर बॅट करणारीच्या मागे बसते आणि पिचरचा प्रत्येक चेंडू झेलते. सगळं मैदान समोर दिसतं ते तिला एकटीलाच. कोण पुढे यायचं, कोण मागे जायचं, हे तीच ओरडून सांगते. आमची कॅचर दहावीतली, उधव्याजवळच्या पाड्यावरची, घरी अगदी कमी बोलणारी. तोंडावर जाळी चढवली की तिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. तिच्या जागी दुसरी कुणी तयार नव्हती. ती आली नसती तर टीम गेलीच नसती.

आम्ही तिच्या घरी गेलो. वडील अंगणात कुंपणासाठी बांबू चिरत बसले होते. थोडी भातशेती आणि एरवी मिळेल ते काम करणारे गृहस्थ. त्यांनी बाजलं पुढे सरकवलं, पाणी दिलं. मी तयारीनिशी गेले होते. गाडी कुठली, राहायचं कुठे, जेवण कुणाचं, मुलींच्या खोलीत मी स्वतः झोपणार. सगळं सांगून झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमची पोरगी कुठे असते आता?"

"नाशिकला. शिकते," नवरा म्हणाला.

"म्हणजे टीममध्ये नाही."

"नाही."

"मग तुम्ही कशाला जाता?"

माझा नवरा या खेळाचा कुठलाही नियम अर्धा तास समजावून सांगू शकतो. त्याने पाण्याचा तांब्या पुन्हा तोंडाला लावला.

"राग मानू नका," ते म्हणाले. "तुमची पोरगी होती तेव्हा मी एकदा तरी विचारलं का? जिथे तुमची झोपणार, तिथेच माझी झोपणार. तुम्ही तुमचीला जपणार, त्यात माझीपण जपली जाणार. आता तुमचं काय आहे तिथे?"

आम्ही विचार करून सांगतो म्हणून उठलो. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, आणि वर फोन नंबर लिहून घेतले असते.

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. ऐकून ती लगेच म्हणाली, "आई, मी येऊ का? तीन दिवस तुमच्याबरोबर राहते. मग पाठवतील ना?"

मला मोह झाला. सगळ्यात सोपा उपाय तोच होता. नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला. "तू कॉलेज कर," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "दर वर्षी तिला आणून बसवणार का? तिच्याशिवाय आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नसेल तर बंद करू."

बंद हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

मी विचार केला तो सरळ होता. त्या वडिलांना तिथे मुलीचं कुणीतरी हवं होतं. माझी मुलगी हे त्याचं एक उत्तर होतं, एकुलतं एक नव्हे. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. वडील बांबूच चिरत होते. कॅचरची आई आत चुलीपाशी होती.

"तुमच्या मिसेसना पाठवा," मी म्हटलं. "त्या त्यांच्या मुलीला जपतील. बाकीच्या आठजणींना मी बघते."

ते हसले. "हिला? ही कुठे गेलीय कधी? तलासरीचा बाजार झाला की हिची दुनिया संपते."

आतून आवाज आला. "वापीला चार महिने कंपनीत कामाला कोण जात होतं? तुम्ही तर वापीचं स्टेशनपण नाही बघितलं."

"मग कोंबड्या कोण बघणार?"

"तुम्ही."

ते बांबूकडे बघत राहिले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, गाडी किती वाजता येईल?"

स्पर्धेत पहिल्या सामन्याला ती बाई मैदानाच्या कडेच्या जाळीमागे माझ्याशेजारी उभी होती. तिने मुलीला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. एक चेंडू बॅटीची कड घेऊन थेट मुलीच्या तोंडावरच्या जाळीवर आदळला. बाई ओरडली, "अगं ए!" आणि मैदानात शिरायला निघाली. मी तिचा दंड धरला. मुलीने मान झटकली, पुन्हा बसली. पुढच्याच चेंडूवर समोरच्या टीमची धावपटू दुसऱ्या बेसकडे पळाली, आणि आमच्या कॅचरने उठता उठता असा काही थ्रो केला की चेंडू बेसवर तिच्या आधी पोहोचला.

"आउट?" बाईने मला विचारलं.

"आउट."

"माझ्या पोरीने केली?"

"तुमच्याच."

तिने पदर खोचला आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं, "ती माझी आहे. जाळीवाली."

तो सामना आम्ही जिंकलो, पुढचा हरलो. परतीच्या गाडीत मुली गाणी म्हणत होत्या आणि ती बाई माझ्या नवऱ्याला विचारत होती, "सर, चेंडू हवेत असताना पळायचं नाही, असं का?" नवऱ्याला अर्धा तास पुरला नाही. तोवर मी न सांगता तिने सगळे ग्लोव्ह मोजून क्रेटमध्ये भरले होते.

दहावीनंतर कॅचर नर्सिंगच्या तयारीसाठी पालघरला मावशीकडे राहायला गेली. रविवारी मी मैदानावर पोहोचले तर तिची आई आधीच येऊन गोणी जागेवर ठेवत होती. मी फक्कीचा डबा तिच्या हातात दिला. तिच्या रेषा माझ्यापेक्षा सरळ येतात.

यंदा पुन्हा मुक्कामाची स्पर्धा आली. एक नवे वडील आपल्या मुलीला सोडायला आले होते. ते लांबून आमच्याकडे बघत राहिले आणि शेवटी त्या बाईकडेच गेले.

"यातली तुमची पोरगी कुठली?"

"माझी पालघरला असते. खेळायची आधी."

"आणि सर-मॅडमची?"

"तीपण बाहेर."

"मग तुम्ही सगळे कशाला जाता?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी बाईकडे पाहिलं. ती बेसची गोणी पायाने दाबून बसवत होती.

"तुमची कुठली?" तिने विचारलं.

त्यांनी बोटाने दाखवली.

"तिला बूट नाहीत नीट. शनिवारपर्यंत घ्या, एक नंबर मोठे. आणि घरून कुणाला पाठवायचं असलं तर गाडीत जागा आहे. सकाळी उशीर करू नका, आम्ही थांबत नाही."