कोल्हापूरची डर्बी, चहाच्या टपरीवरून

मिलान झालं, इस्तंबूल झालं, कोलकाता झालं. एकाच गावातल्या दोन संघांचं हाडवैर, ज्याला फुटबॉलवाले डर्बी म्हणतात, ते बघण्यात मी माझ्या सुट्ट्या आणि बायकोची सहनशक्ती दोन्ही खर्च करतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये हेच ऐकवत होतो, तेव्हा रणजितनं विचारलं, "पण तू कुणाकडनं?"

"कुणाकडूनच नाही. मी तटस्थ. खेळाचा आस्वाद घेतो."

मी मिसळीवर साखर मागितल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "शनिवारी कोल्हापूरला चल. आमची पेठ विरुद्ध पलीकडची पेठ. बघू कसा आस्वाद घेतोस."

जाणाऱ्यांनी स्वारगेटहून पहाटेची एसटी धरावी. तिकीट बऱ्या पिझ्झ्याहून स्वस्त पडतं. खिडकी उजवीकडची घ्या, नाहीतर कराडपर्यंत ऊन खाल. रस्त्याचं काम कधी संपणार, असं कंडक्टरला विचारू नका. मी विचारलं. "तुम्ही रिटायर व्हायच्या आत," म्हणाला.

कोल्हापुरात पेठेची तालीम असते आणि तालमीचा फुटबॉल संघ. माणूस संघ निवडत नाही, त्यातच जन्मतो. रणजितचे वडील, आप्पा, तसेच जन्मलेले. पण त्यांची लेक दिलीय पलीकडच्या पेठेत. आप्पांचा संघ हरला की व्याही आठवणीनं पेढे पाठवतात. कित्येक वर्षं ही मॅच जिंकलेली नाही, आणि अन्न टाकू नये म्हणून आप्पा दर वेळी ते पेढे खातात.

"औंदा न्हाई खाणार," तांबड्या रश्श्याची वाटी माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले.  मी रस्सा ओढला.

मैदानात दगडी पायऱ्यांवर बसायचं; टोपी आणि खाली घ्यायला पेपर न्या. पहिल्याच टप्प्यात पलीकडच्यांनी सुरेख गोल केला. मी सवयीनं टाळी वाजवली. आप्पा आणि रणजित बसले होते त्या अख्ख्या बाजूला ती एकटीच वाजली. वातावरण निवळेपर्यंत मी चहाला बाहेर सटकलो, आणि मागून आरोळी उठली: बरोबरी! धावत परत आलो, तर बसता बसता पलीकडच्यांचा दुसरा गोल.

मागच्या पायरीवरच्या एकानं विचारलं, "आप्पा, पावणं कुठलं?"

"पुण्याचं."

"मग बरोबर हाय."

आप्पांनी एकदा मैदानाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फार अदबीनं म्हणाले, "पावणं, आणि एक च्या घेतासा?"

"नको, आत्ताच घेतला."

"घ्या की वो."

मला वाट द्यायला सगळी रांग उठून उभी राहिली. इस्तंबूलमध्ये पोलिसांनीसुद्धा मला इतक्या एकमतानं बाहेर काढलं नव्हतं.

टपरीवर बसून मी मनातल्या मनात पुणेरी पाटी रंगवत होतो, तोच दुसरी आरोळी आली. पुन्हा बरोबरी. माझा पायगुण सिद्ध झाला होता, फक्त भिंतीच्या बाहेर.

शेवटी शेवटी फाटक उघडं राहिलं आणि फटीतून नेमका गोलपोस्ट दिसायला लागला. आमच्या पेठेला पेनल्टी मिळाली होती. आमच्या, असंच मनात आलं. एवढ्या लांबून ज्यासाठी आलो, ते समोर होतं, अडवायला कुणी नव्हतं. मला आप्पांचे पेढे आठवले. मी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

आरोळी उठली. पाठमोऱ्या माणसाला आरोळी कुणाची ते कळत नाही. आयुष्यात कुठल्याही मॅचला मी इतका घाबरलो नव्हतो.

मग आप्पा फाटकातून आले. ते रडत होते. मला मिठी मारून म्हणाले, "पावणं, लई झ्याक खेळलासा!" संध्याकाळी ते स्वतः पेढे घेऊन व्याह्यांकडे गेले. मीही गेलो. व्याह्यांनी पेढा खाल्ला, पण कडू गोळी गिळल्यासारखा.

कोथरूडला परतल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे न बघताच आलास. एवढं तर इथेही जमलं असतं."

ते रणजितच्याही लक्षात आलं. गेल्या रविवारी पुन्हा हीच मॅच होती. सकाळीच त्याचा फोन आला: पुण्यातच थांब, मोबाइलवरही बघू नकोस. जगभरच्या डर्बी हिंडलो, एक संघ आपला झाला, आणि नेमका तोच मला दिसायचा नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

फोन कपाटात ठेवून, चहाचा कप घेऊन मी गॅलरीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बायकोनं विचारलं, "आता हे काय?"

"नंतर सांगतो," मी म्हणालो. "आमची मॅच चालू आहे."