कानबाईमागे लपलेला माणूस

धुळ्याच्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांना तपासून सांगितलं, हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, ऑपरेशन लवकर करून टाका. तिथे हे "हो, हो" म्हणाले. साक्रीच्या एसटीत बसल्यावर मला म्हणतात, "कानबाई झाल्याशिवाय काही जमायचं नाही."

कानबाई ही आमची श्रावणातली देवी. नारळाला नथ-दागिने घालून रविवारी बसवायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. म्हणून डॉक्टरांनी त्यानंतरचा मंगळवार दिला. तर ह्यांनी दुसरा फाटा फोडला.

"रोट संपेपर्यंत घर सोडता येत नाही."

रोट म्हणजे देवीच्या नावाच्या जाड पोळ्या. त्या घरच्यांनीच संपवायच्या.

"हा नियम कधी निघाला? लग्न झाल्यापासून रोट मीच करतेय."

"तू बाहेरून आलेली. आमच्या घराण्याचं तुला काय माहीत?"

घ्या! विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत साप निघाला तर काठी घेऊन पुढे होणारा माणूस, आणि सुईचं नाव काढलं की देवीच्या पदराआड! रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे पुटपुटणं चालू. एकदा कान दिला, तर, "माय, रिपोर्ट खोटा निघू दे."

"देवीला लॅबमध्ये नोकरीला लावताय का?" म्हटलं.

मग रोटांचे गहू मोजायचा दिवस आला. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाचे सव्वा मूठ गहू घेतात, आणि ज्याचे त्यानेच सुपात टाकायचे. दिरांनी टाकले, मुलाने टाकले. ह्यांची मूठ सुपावर तशीच थांबली. मग हळूच, घरच्या बोलीत म्हणाले, "माय, माले भेव वाटस. मना हात धर."

एवढंच. रिपोर्टचं नाव नाही, की तारखेचं. माझ्या जिभेवर काहीतरी आलं होतं, ते मी गिळलं आणि सूप घट्ट धरलं. त्यांनी मूठ सोडली.

रोटांचा नियम पुन्हा निघाला नाही. मंगळवारी दवाखान्यात सिस्टरने विचारलं, "आजोबा, घाबरलात का?"

"घाबरलोय ना. पण चला." आणि मला म्हणाले, "रडत बसू नको. चहा पी."

ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं, आणि इतके दिवस टिंगल करणाऱ्या बाईचे पायच गेले. चहा आणला, तो हातातच निवला. मी देवीला सांगायला लागले, डॉक्टरांचा हात स्थिर ठेव, रक्त कमी जाऊ दे, लाईट जाऊ देऊ नको. सगळी कामं तिला वाटून झाली, तेव्हा माझं मलाच हसू आलं. मग म्हटलं, माय, माले बी भेव वाटस.

भीती गेली नाही, खोटं कशाला सांगू? पण डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी उठले, आपल्या पायांनी त्यांच्यापर्यंत चालत गेले, आणि विचारलं. "चांगलं झालं, आजी," ते म्हणाले.

मग मात्र तिथेच फरशीवर बसकण मारली. सिस्टर खुर्ची घेऊन धावली, म्हटलं, राहू दे बाई, आता मी कुठेही बसेन.