गुण कापायच्या शब्दांची यादी

"वारा निघाला, छान. आता यातलं मले-तुले पण काढून दाखवा की."

नर्सिंग संस्थेचे संचालक असं म्हणाले आणि टेबलाभोवतीची माणसं हसली. लॅपटॉपमधून माझ्या बापाचा आवाज येत होता. वैनगंगेवर, नावेत बसून बोललेला. "कायले पाहिजे वो माय तुले माहा आवाज? पाणी पाहाय ना कसं चढून राहिलं."

आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, संचालकांकडे झुकले. "त्याचं बटण अजून व्हायचंय, साहेब." मग माझ्याकडे बोट. "हिचाच बाप आहे तो. ढिवर आहेत, मासे धरणारे. हिला जरा चिडवा, हीसुद्धा तसंच बोलते."

परत हसले सगळे.

मीही हसले. हे आधीच सांगून टाकते. बापाच्या आवाजावर लोक हसत होते आणि मी दात दाखवत होते. मग सरांनी चहा आणायला सांगितला. मी आणला.

भंडाऱ्यात हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस. सरांचं एक सॉफ्टवेअर होतं, संस्थांमधल्या कॉम्प्युटरवर बसवायचं, परीक्षा घेणारं. प्रश्न यायचा, पोरं टिक करायची. एवढंच. मग या नर्सिंगच्या संस्थेला तोंडी परीक्षा हवी झाली. कॅमेऱ्यासमोर बसायचं, बोलायचं, व्हिडिओ साठवायचा. ऑफिसात कोणाला ते येत नव्हतं. मी शिकले. संस्थेतले कॉम्प्युटर जुने. ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. चित्र आणि आवाज एका चालीवर आणायला मला चार महिने लागले. पंख्याची घरघर, खिडकीतला वारा काढायचा भागही मीच लिहिला. तपासायला मला सगळ्यात वाईट वारा पाहिजे होता. म्हणून पवनीजवळच्या माझ्या गावी गेले आणि बाबांना नावेत बोलतं केलं.

दाखवायच्या दिवशी लॅपटॉपसमोर सर बसले. "आम्ही बनवलं" म्हणाले. मी दाराजवळच्या खुर्चीवर.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. संचालकांना ती गंमत फार आवडली होती. आता ती गंमत राहिली नव्हती. तोंडी परीक्षेत 'भाषा' असा एक रकाना करायचा होता. बोलण्यातले शब्द ओळखणारा भाग आम्ही बाहेरून घेऊन बसवलाच होता. त्याला एक यादी जोडायची. यादीतला शब्द पोरीच्या तोंडून आला की गुण कमी. आपोआप.

"यादी तू कर," सर म्हणाले. "तुला शोधायला कुठे जावं लागणार नाही. घरीच आहे सगळं."

मी जागेवर आले आणि टाइप करायला लागले. हेही लपवत नाही. मले. तुले. काहून. कायले. माहा. पाच शब्द झाले. बोटं भराभर चालत होती. काम होतं, मी करत होते. शाळेत बाई याच शब्दांसाठी हातावर पट्टी मारायच्या, तेव्हापासून मला ही यादी पाठ होती.

चालते का ते पाहायला मी बाबांचं रेकॉर्डिंग लावलं. एका क्षणात निकाल आला. 'भाषा : असमाधानकारक.' लाल अक्षरात. ते लाल अक्षरही मीच ठरवलेलं.

मग माइक ओढला. स्वतः बोलले. मुद्दाम नाही, आईशी फोनवर बोलते तसं. असमाधानकारक.

वारा काढायला मी चार महिने घासले ते कशासाठी? बाबांचा शब्द न शब्द ऐकू यावा म्हणून. आणि तो स्वच्छ ऐकू आला म्हणूनच आता कापता येत होता. सरांनी सुरी माझ्याच हातात दिली होती, आणि मी धार लावत बसले होते.

मी ती फाईल पुसली.

शुक्रवारी संचालक परत आले. तीच माणसं, तेच टेबल. सर म्हणाले, "तो भाषेचा रकाना दाखव."

"नाही केला. अन् मी करत नाही."

संचालकांनी भुवया उचलल्या. सगळ्यांकडे पाहिलं आणि माझी नक्कल करत म्हणाले, "काहून?"

हसू सुरू होणार होतं. मी ते सुरू होऊ दिलं नाही.

"तुमच्या पोरी उद्या दवाखान्यात जातीन. तिथं म्हातारी म्हणन, मले छातीत दुखून राहिलं. तिचेबी गुण कापान का?"

कोणी हसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात मी पूर्ण वाक्य माझ्या बोलीत बोलले होते.

सरांचा चेहरा पडला, मग तापला. "साहेबांची माफी माग."

"कायची?"

"उठ. हे कप उचल, आणि उद्यापासून येऊ नको."

मी उठले. कप तिथंच राहिले.

यादी थांबली नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरानं ती पूर्ण केली. तो चिखल्याचा, बाप तिथल्या मँगनीजच्या खाणीत. घरी तोही मले-तुलेच बोलतो. त्यानं फोन केला. "ताई, माहं घर चालते यावर. राग नको धरू." मी म्हटलं, राग आहे. अजूनही आहे. त्याच्यावर कमी, ज्यांनी त्याला तिथं बसवलं त्यांच्यावर जास्त. पण आहे.

सध्या मी लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एकाकडे आवाज साफ करून देते. हे लिहिते आहे तेही सरांच्या, संचालकांच्याच मराठीत, कारण शाळेनं लिहायला दुसरी शिकवलीच नाही. त्याचाही हिशेब व्हायचा आहे.

पुढच्या महिन्यात त्या संस्थेत तोंडी परीक्षा सुरू होतील. मी फाटकाजवळ उभी राहणार आहे. आत जाणाऱ्या प्रत्येक पोरीला सांगणार आहे की मशीन कोणते शब्द मोजते. ते शब्द गिळ म्हणून नाही. निकाल लागला की स्वतःचं रेकॉर्डिंग मागायचं, आणि कोणत्या शब्दाचे किती गुण कापले ते लेखी विचारायचं, म्हणून. जिला अर्ज लिहिता येणार नाही तिचा मी लिहीन. अर्जाखाली माझी साक्ष राहील, नावासकट : या यादीची सुरुवात मी केली, आणि ती कोणी करायला लावली हे मला माहीत आहे.

वॉचमन हाकलायला येईल. मी रस्त्यावर सरकेन. रस्ता संस्थेचा नाही.