वर केलेला हात

धरणाचं पाणी सुटायच्या आधी नदीकाठी जमलेल्या आम्हा सहलकऱ्यांना वाटाड्यानं विचारलं, “याआधी कयाक कोणी चालवलीय?” भराभर हात वर झाले. माझ्या शेजारच्या गृहस्थांनीही आपला हात वर केला आणि दुसऱ्या हातानं बायकोचाही.

“अहो, मी कुठे चालवलीय?”

“तळ्यात बसली होतीस की. आता सगळ्यांच्या बेतात मोडता घालू नकोस.”

तळं वेगळं आणि खडकांवरून आपटत जाणारी ही नदी वेगळी. पण आपल्याकडे सहलीला आलं की सगळ्यांनी एकाच पाण्यात उतरायचं, मागे राहील तो भित्रा. हा शुद्ध बिनडोकपणा आहे. नवख्यांसाठी वर बंधाऱ्यामागे संथ पाणी आहे, सरावलेल्यांसाठी खालचा उतार आहे. आपल्याला झेपणारं पाणी निवडण्यात कमीपणा कसला? नदी काही कुणाचं मन राखायला वाहत नाही.

वाटाड्यानं मग थेट बाईंनाच विचारलं, “ताई, कयाक उलटली तर बाहेर पडता येईल?”

त्यांनी नवऱ्याच्या मुठीतून हात सोडवून घेतला. “नाही येणार,” म्हणाल्या, आणि वल्हं उचलून बंधाऱ्याकडे चालू लागल्या.

जरा वेळानं, मघाशी हात वर केलेले आणखी दोघे इकडेतिकडे बघत त्यांच्यामागून निघाले.